इंटरनेट मानकनिर्मितीतील ऑनलाईन सभांचे नियोजन आणि दस्तऐवजांची मान्यता : एक विवेचन

सारांश

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणारी ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ ही संस्था मतदानाऐवजी ‘स्थूल सहमती’च्या तत्त्वावर कार्य करते. मार्च २०२० पासून सुमारे दोन वर्षे या संस्थेस आपल्या सर्व प्रमुख सभा पूर्णतः ऑनलाईन घ्याव्या लागल्या. प्रस्तुत लेखात दस्तऐवजाला मान्यता मिळण्याची पद्धत, ऑनलाईन सभांच्या नियोजनाची तत्त्वे आणि या दोहोंतील परस्परसंबंध यांचे विवेचन केले आहे. मान्यतेची प्रक्रिया लिखित आक्षेपांवर आधारित असल्यामुळे ती ऑनलाईन काळातही टिकून राहिली; तथापि आक्षेप नोंदविण्याची संधी प्रत्यक्षात कोणाला मिळते, हे सभेच्या वेळेवर, शुल्कावर व पात्रतेच्या नियमांवर अवलंबून राहते, असे या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : इंटरनेट मानके, स्थूल सहमती, ऑनलाईन सभा, मसुदा, आरएफसी, देवनागरी डोमेन नावे.

१. प्रस्तावना

संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडणे किंवा ई-मेल पाठविणे या क्रिया आता नित्याच्या झाल्या आहेत. भिन्न देशांत, भिन्न कंपन्यांनी तयार केलेली यंत्रे परस्परांशी संवाद साधू शकतात, याचे कारण त्या सर्वांनी मान्य केलेले समान नियम होत. या नियमांना ‘मानके’ असे म्हणतात. ही मानके कोणत्याही एका सरकारने वा कंपनीने लादलेली नाहीत. त्यांपैकी बहुतांश मूलभूत मानके ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ अर्थात आयईटीएफ या संस्थेत तयार झाली आहेत.

आयईटीएफची पहिली सभा १६ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झाली. त्या सभेस केवळ २१ व्यक्ती उपस्थित होत्या. पुढे वर्षातून तीन सभा घेण्याची प्रथा रूढ झाली. या संस्थेची मानके ‘आरएफसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांच्या मालिकेत प्रसिद्ध होतात. ही मालिका आयईटीएफपेक्षाही जुनी आहे. तिचा पहिला दस्तऐवज स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी लिहिला. ‘आरएफसी’ या संक्षेपाचा मूळ अर्थ ‘अभिप्रायासाठी विनंती’ असा आहे. हे नम्र नाव पुढे मालिकेला कायमचे चिकटले.

महाविद्यालयीन प्राध्यापकांस अभ्यासमंडळ, विद्या परिषद अशा सभांचा अनुभव असतो. तेथे विषयपत्रिका, गणपूर्ती, ठराव आणि कार्यवृत्त यांना निश्चित स्थान असते. आयईटीएफमध्ये विषयपत्रिका व कार्यवृत्त असते. परंतु ठरावावर मतदान होत नाही आणि निर्णयासाठी सदस्यांची मोजणीही केली जात नाही, कारण या संस्थेला औपचारिक सदस्यत्वच नाही. अशा संस्थेत निर्णय कसे होतात आणि तिच्या सभा पडद्यावर आल्यावर त्या निर्णयांचे काय होते, हा या लेखाचा विषय होय.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) स्थूल सहमतीची संकल्पना स्पष्ट करणे.
२) मसुद्यापासून मान्य मानकापर्यंतचे टप्पे समजून घेणे.
३) ऑनलाईन सभांच्या नियोजनातील अडचणी व त्यांवरील उपाय यांचा विचार करणे.
४) या प्रक्रियेचा देवनागरी लिपी व मराठी भाषेशी असलेला संबंध एका उदाहरणाद्वारे दाखविणे.

विवेचनासाठी आयईटीएफने स्वतः प्रसिद्ध केलेल्या कार्यपद्धतीविषयक दस्तऐवजांचा आधार घेतला असून पद्धत वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

३. स्थूल सहमतीची संकल्पना

१९९२ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे झालेल्या सभेत डेव्हिड क्लार्क यांनी या संस्थेची भूमिका मांडली. राजे, अध्यक्ष व मतदान यांना नकार आणि स्थूल सहमती व प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली यांवर विश्वास, असा तिचा आशय होता. हे केवळ घोषवाक्य राहिले नाही. संस्थेच्या कार्यपद्धतीचा तो पाया ठरला.

स्थूल सहमती म्हणजे बहुमत नव्हे आणि एकमतही नव्हे. बहुमतात विरोधकांची संख्या पाहिली जाते. येथे विरोधाचे कारण पाहिले जाते. जून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७२८२ या दस्तऐवजात पीट रेस्निक यांनी याचे विवेचन केले आहे. त्यांच्या प्रतिपादनानुसार शंभर जण बाजूने आणि पाच जण विरोधात असले, तरी त्या पाचांनी दाखविलेल्या तांत्रिक दोषाचा विचार झालेला नसेल, तर सहमती झाली असे म्हणता येत नाही. याउलट पाच जण बाजूने व शंभर जण विरोधात असूनही, त्या शंभरांच्या आक्षेपाला समर्पक तांत्रिक उत्तर मिळाले असेल, तर सहमती झाली असे मानता येते. प्रत्येक आक्षेप स्वीकारला जाईलच असे नाही. परंतु प्रत्येक आक्षेपाचा विचार झाला पाहिजे, हे त्यातील मर्म आहे.

सभागृहातील कल जाणून घेण्यासाठी ‘हुंकारा’ची प्रथा आहे. अध्यक्ष प्रश्न विचारतात व उपस्थित लोक तोंड मिटून हुंकार देतात. हात वर केले की डोकी मोजली जातात आणि मोजणी झाली की मतदानाचा आभास निर्माण होतो. हुंकाराची मोजणी होत नाही आणि हुंकार कोणी दिला हेही सहज कळत नाही. म्हणूनच हा निर्णय नसून चर्चेला दिशा देणारा संकेत मानला जातो.

येथे एक नियम विशेष महत्त्वाचा आहे. सभेत झालेली सहमती अंतिम नसते. कार्यगटाच्या ई-मेल यादीवर तिची पुष्टी व्हावी लागते. सप्टेंबर १९९८ च्या आरएफसी २४१८ मध्ये कार्यगटांच्या कामकाजाचे नियम दिले असून त्यांत हे तत्त्व नमूद आहे. जो सभेस आला नाही, त्याचाही आक्षेप ग्राह्य धरला जावा, हा त्यामागील हेतू होय.

४. मसुद्यापासून मानकापर्यंत

मानकनिर्मितीच्या प्रक्रियेचा मूळ आराखडा ऑक्टोबर १९९६ च्या आरएफसी २०२६ मध्ये आढळतो. त्यात पुढे अनेक सुधारणा झाल्या. उदाहरणार्थ, मानकाच्या परिपक्वतेच्या मूळ तीन पायऱ्यांऐवजी ऑक्टोबर २०११ मध्ये दोनच पायऱ्या ठेवण्यात आल्या. दस्तऐवजाचा प्रवास सामान्यतः पुढील टप्प्यांतून होतो.

४.१ वैयक्तिक मसुदा : कोणतीही व्यक्ती ‘इंटरनेट ड्राफ्ट’ सादर करू शकते. त्यासाठी पदवी, पद किंवा शिफारस लागत नाही. मात्र अशा मसुद्याला कोणताही अधिकृत दर्जा नसतो आणि सुधारित आवृत्ती न आल्यास सुमारे सहा महिन्यांनी त्याची मुदत संपते.

४.२ कार्यगटाचा स्वीकार : संबंधित विषयाच्या कार्यगटाने मसुदा स्वीकारला की त्यावरील नियंत्रण लेखकाकडून गटाकडे जाते. लेखक यापुढे गटाची सहमती शब्दबद्ध करणारा संपादक ठरतो. हा बदल अनेक नवोदितांना जड जातो.

४.३ कार्यगटातील अंतिम आवाहन : मसुदा पूर्ण झाला असे वाटल्यावर गटाचे अध्यक्ष शेवटचे आक्षेप मागवितात. त्यानंतर एक जबाबदार व्यक्ती मसुद्याचा पालक म्हणून नेमली जाते. गटात कोणते वाद झाले, ते कसे मिटले, प्रत्यक्ष आज्ञावलीत त्याचा वापर झाला आहे काय, याचे टिपण ती तयार करते.

४.४ सार्वत्रिक अंतिम आवाहन : यानंतर संपूर्ण आयईटीएफ समुदायास मसुदा खुला केला जातो. कार्यगटातून आलेल्या मसुद्यास किमान दोन आठवडे, तर गटाबाहेरून आलेल्या मसुद्यास किमान चार आठवडे दिले जातात. याच काळात सुरक्षा, संचालन आदी विषयांतील परीक्षक आपले अहवाल देतात. शोधनिबंधाच्या समीक्षेशी याचे साम्य आहे. फरक एवढाच की येथे परीक्षकाचे नाव व अभिप्राय दोन्ही उघड असतात.

४.५ सुकाणू मंडळाची मान्यता : विविध क्षेत्रांच्या संचालकांचे मिळून एक सुकाणू मंडळ असते. ते साधारणपणे दर दोन आठवड्यांनी दूरस्थ बैठक घेते. प्रत्येक सदस्य ‘होय’, ‘हरकत नाही’, ‘चर्चा आवश्यक’, ‘तटस्थ’ किंवा ‘हितसंबंधामुळे अलिप्त’ यांपैकी एक भूमिका नोंदवितो. मानक-श्रेणीच्या दस्तऐवजास किमान एक ‘होय’ लागते आणि अलिप्त नसलेल्या सदस्यांपैकी दोनतृतीयांश सदस्यांनी ‘होय’ वा ‘हरकत नाही’ नोंदविणे आवश्यक असते. एकही ‘चर्चा आवश्यक’ शिल्लक असेपर्यंत दस्तऐवज पुढे सरकत नाही. मात्र ही भूमिका घेणाऱ्याने नेमका दोष व तो दूर करण्याचा मार्ग सांगावा, अशी अपेक्षा असते. केवळ नापसंती हे कारण पुरेसे ठरत नाही.

४.६ संपादन व प्रकाशन : मान्य दस्तऐवज संपादकांकडे जातो. अखेरीस सर्व लेखकांना अंतिम प्रत तपासण्यास दिली जाते. या टप्प्याच्या नावात ‘अठ्ठेचाळीस तास’ असले, तरी तो बहुधा त्याहून लांबतो, कारण प्रत्येक लेखकाची संमती मिळावी लागते. एकदा प्रसिद्ध झालेल्या आरएफसीच्या आशयात नंतर बदल केला जात नाही. चूक आढळल्यास शुद्धिपत्र नोंदविले जाते किंवा नवा क्रमांक असलेला दस्तऐवज काढला जातो.

निर्णय मान्य नसल्यास दाद मागण्याची तरतूद आहे. कार्यगटाचे अध्यक्ष, क्षेत्रसंचालक, सुकाणू मंडळ आणि त्यानंतर ‘इंटरनेट आर्किटेक्चर बोर्ड’ अशा क्रमाने अपील करता येते.

ही प्रक्रिया मंद वाटणे स्वाभाविक आहे. संकेतस्थळांशी होणारा संवाद सुरक्षित ठेवणारे ‘टीएलएस’चे १.३ हे रूप ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यासाठी चार वर्षांहून अधिक काळ लागला आणि मसुद्याच्या सुधारणांचा क्रमांक २८ पर्यंत पोहोचला. परंतु कोट्यवधी यंत्रांत रुजणारा दोष नंतर काढणे हे या विलंबापेक्षा कितीतरी महाग पडते.

५. ऑनलाईन सभांचे नियोजन

५.१ पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये व्हँकुव्हर येथे १०७ वी सभा होणार होती. कोरोना साथीमुळे सभेच्या जेमतेम दोन आठवडे आधी प्रत्यक्ष सभा रद्द झाली आणि मर्यादित विषयपत्रिकेसह ती ऑनलाईन घेण्यात आली. त्यानंतर माद्रिद, बँकॉक, प्राग, सॅन फ्रान्सिस्को आणि पुन्हा माद्रिद येथे नियोजित असलेल्या सभाही ऑनलाईनच झाल्या. मार्च २०२२ मध्ये व्हिएन्ना येथे ११३ वी सभा प्रत्यक्ष व दूरस्थ अशा संमिश्र स्वरूपात झाली. या अनुभवाच्या आधारे मिर्या क्युलेविंड व मार्टिन ड्यूक यांनी जून २०२३ मध्ये आरएफसी ९४०० हा पूर्णतः ऑनलाईन सभांच्या आयोजनाचा मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केला.

कार्यगटांच्या छोट्या अंतरिम बैठकी मात्र यापूर्वीपासूनच दूरस्थ पद्धतीने होत असत. अशा बैठकीची सूचना किमान दोन आठवडे आणि विषयपत्रिका किमान एक आठवडा आधी द्यावी, असे सुकाणू मंडळाचे मार्गदर्शन आहे. ऑनलाईन बैठक उद्याही घेता येते. म्हणूनच ती उद्या घेऊ नये असा नियम करावा लागतो. पूर्वसूचनेचा काळ हा मसुदा वाचण्याचा काळ असतो. न वाचता आलेला सदस्य आक्षेप घेऊ शकत नाही.

५.२ वेळेची निवड

ऑनलाईन सभेतील सर्वांत कठीण प्रश्न वेळेचा असतो. साथीच्या काळात सभा ज्या शहरात व्हावयाची होती, तेथील वेळेचाच साधारण आधार घेतला जाई व कामकाज तेथील दुपारच्या सुमारास सुरू होई. याचा परिणाम भारताच्या दृष्टीने पाहता येतो. बँकॉकमध्ये दुपारचे बारा वाजतात, तेव्हा भारतात सकाळचे साडेदहा झालेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा भारतात मध्यरात्रीचे साडेबारा होतात. पुण्यातील किंवा नागपुरातील सहभागी व्यक्तीस पहिल्या सभेत दिवसा, तर दुसऱ्या सभेत पहाटेपर्यंत जागून भाग घ्यावा लागणार, हे उघड आहे.

सर्वांना सोयीची वेळ पृथ्वीच्या गोलाकारामुळे अस्तित्वातच नाही. म्हणून आरएफसी ९४०० मध्ये गैरसोयीच्या समन्यायी वाटपाचा विचार मांडला आहे. उत्तर अमेरिका, युरोप व आशिया या तीन विभागांपैकी प्रत्येक सभा दोन विभागांना झेपेल अशी ठेवावी. एका विभागास ती सकाळी तर दुसऱ्यास सायंकाळी पडावी आणि तिसऱ्यास रात्र सोसावी लागावी. पुढील सभेत हा क्रम बदलावा. अशा रीतीने बहुतेकांना तीनपैकी दोन सभांत रात्रीचे जागरण टाळता येते. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांतील घड्याळे पुढेमागे होतात, हेही यात विचारात घेतले आहे.

५.३ सभेचा कालावधी व रचना

प्रत्यक्ष सभेत सकाळपासून सायंकाळपर्यंत काम चालते. गैरसोयीच्या वेळी पडद्यासमोर बसून ते शक्य होत नाही. अनुभवांती पाच दिवस, रोज सुमारे सहा तास आणि मध्ये अर्ध्या तासाच्या दोन विश्रांती, असा मध्यममार्ग स्थिर झाला. तास कमी केले की समांतर सत्रे वाढतात आणि एकाच व्यक्तीला हव्या असलेल्या दोन बैठकी एकाच वेळी येतात. सभा अधिक दिवस लांबविली की सहभागी व्यक्तींची नेहमीची नोकरी आड येते. नियोजन म्हणजे या दोन अडचणींतील तडजोड होय.

कल जाणून घेण्याच्या प्रथेचाही प्रश्न उभा राहिला. ध्वनिवर्धक बंद ठेवून बसलेल्या शेकडो व्यक्तींचा हुंकार ऐकू येत नाही. त्यामुळे २०२० मध्ये सभेच्या प्रणालीत हुंकाराचे संगणकीय साधन आणून पाहिले गेले. पुढे त्याऐवजी संख्या दर्शविणारे ‘हात वर करण्याचे’ साधन रूढ झाले. ज्या मोजणीपासून दूर राहण्यासाठी हुंकार आला होता, ती मोजणी अशा रीतीने पडद्यावर परत आली. आकडा दिसू लागला की त्याला मत समजण्याचा मोह होतो. म्हणून तो निर्णय नव्हे, याची आठवण अध्यक्षांना ठेवावी व द्यावी लागते.

सभागृहाबाहेरील गप्पांची उणीव मात्र कोणत्याही साधनाने पूर्णपणे भरून निघाली नाही. तीव्र मतभेद पुष्कळदा चहाच्या वेळी मिटतात. नवोदितांची ओळखही तेथेच होते. संस्थेने प्रत्यक्ष सभा पुन्हा सुरू केल्या, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण दिसते.

५.४ पात्रता व शुल्क

सुकाणू मंडळाच्या सदस्यांची निवड एक नामनिर्देशन समिती करते. तिचे मताधिकार असलेले दहा सदस्य इच्छुकांमधून यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात. या समितीवर येण्यासाठी पूर्वी मागील पाच सभांपैकी तीन सभांस प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक होती. परदेशप्रवासाचा खर्च पाहता ही अट भारतातील अध्यापकांस जवळजवळ अशक्य होती. साथीच्या काळातील तात्पुरत्या बदलांनंतर एप्रिल २०२३ च्या आरएफसी ९३८९ ने प्रत्यक्ष व ऑनलाईन अशा दोन्ही उपस्थिती समान मानल्या. तसेच डिसेंबर २०२३ च्या आरएफसी ९५०१ ने दूरस्थ सहभागासाठी विनाशुल्क पर्याय नेहमी उपलब्ध असावा, हे तत्त्व मान्य केले. २०२५ अखेरपर्यंत आयईटीएफची एकही प्रमुख सभा भारतात झालेली नाही, हे लक्षात घेता या दोन दस्तऐवजांचे महत्त्व विशेष आहे.

६. देवनागरीचे उदाहरण

हे सर्व दूरचे तांत्रिक विषय आहेत, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांचा मराठीशी थेट संबंध आलेला आहे. डोमेन नावे इंग्रजीखेरीज अन्य लिप्यांत लिहिता यावीत, यासाठी आयईटीएफने मार्च २००३ मध्ये पहिले मानक प्रसिद्ध केले. त्यात नाव तपासताना ‘शून्य-रुंदी जोडक’ नावाचे अदृश्य चिन्ह काढून टाकले जाई. पुष्कळ भाषांत त्याने काही बिघडत नसे. मराठीत मात्र बिघडत असे.

‘आचाऱ्यांना’ व ‘आचार्यांना’ हे दोन शब्द मराठी वाचकास भिन्न आहेत. पहिला स्वयंपाक करणाऱ्यांविषयी, तर दुसरा गुरुजनांविषयी आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचेही तसेच. पहिल्या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो : स्वतंत्र ‘ऱ’ या अक्षराने किंवा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडक लावून. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या नावातील जोडक काढून टाकला, की दऱ्यांचा दर्या होतो. एका सर्वसाधारण वाटणाऱ्या नियमामुळे शब्दाचा अर्थच बदलत असे.

ऑगस्ट २०१० मध्ये आरएफसी ५८९० पासून सुरू होणारा सुधारित संच प्रसिद्ध झाला. त्यातील आरएफसी ५८९२ नुसार जोडक हा हलन्ताच्या लगेच पुढे आला असेल तर ग्राह्य ठरतो. म्हणजे सरसकट बंदीऐवजी संदर्भानुसार परवानगी आली. अर्थात मानक मान्य झाले की सर्व ब्राउझरांनी व नोंदणीसंस्थांनी ते त्याच दिवशी अमलात आणले, असे घडत नाही. नोंदणीसंस्था स्वतःचे अधिक कडक नियमही लावू शकतात. २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन सुरू झाले, तेव्हा मराठीसह अनेक भाषांसाठी हा विषय प्रत्यक्ष व्यवहारात आला.

या उदाहरणातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. अशा नियमातील दोष तीच व्यक्ती सहजपणे दाखवू शकते, जिला ती लिपी व ती भाषा अवगत आहे. अशी व्यक्ती अंतिम आवाहनाच्या दोन आठवड्यांत मसुदा वाचण्यास उपस्थित नसेल, तर आक्षेप येत नाही. आणि आक्षेप आला नाही, तर स्थूल सहमती झाली असेच मानले जाते. मौन ही या पद्धतीत संमतीच ठरते.

७. चर्चा

वरील विवेचनाच्या आधारे दोन मुद्दे मांडता येतात. पहिला असा की, मान्यतेची प्रक्रिया सभागृहापेक्षा लेखनावर अधिक विसंबून असल्यामुळे ती साथीच्या काळातही खंडित झाली नाही. संकेतस्थळांची वाहतूक वेगवान करणाऱ्या ‘क्विक’ या नव्या नियमावलीचे काम २०१६ मध्ये कार्यगटाकडे आले व तिचा मुख्य दस्तऐवज मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे अखेरचे सर्व टप्पे प्रत्यक्ष सभा बंद असतानाच पार पडले.

दुसरा मुद्दा मर्यादेचा आहे. प्रवेश सर्वांना खुला असला, तरी सहभागाची क्षमता समान नसते. मोठ्या कंपन्यांतील अभियंत्यास या कामाचे वेतन मिळते. महाविद्यालयीन अध्यापकास ते आपल्या कार्यभाराव्यतिरिक्त करावे लागते. चर्चेची भाषा इंग्रजी असते. सभा रात्री असली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळचा तास चुकत नाही. ऑनलाईन सभेने विमानप्रवासाचा खर्च वाचविला, परंतु वेळेचा व श्रमाचा खर्च शिल्लक ठेवला. म्हणून वेळेचे आवर्तन, पुरेशी पूर्वसूचना आणि ई-मेल यादीवरील पुष्टी या केवळ व्यवस्थापकीय बाबी नसून निर्णयाच्या न्याय्यतेशी निगडित बाबी ठरतात.

८. निष्कर्ष

१) आयईटीएफमधील मान्यता मतांच्या संख्येवर नव्हे, तर आक्षेपांच्या निराकरणावर अवलंबून असते.
२) सभेतील निर्णयाची लिखित पुष्टी आवश्यक असल्यामुळे सभा ऑनलाईन झाल्या तरी प्रक्रिया टिकून राहिली.
३) सर्वांना सोयीची वेळ उपलब्ध नसल्याने गैरसोयीचे आवर्तन हाच न्याय्य मार्ग ठरतो.
४) पात्रता व शुल्क यांविषयीच्या २०२३ मधील निर्णयांमुळे भारतातील अभ्यासकांस संस्थेच्या कारभारातही सहभागाची वाट मोकळी झाली आहे.
५) देवनागरीसारख्या लिप्यांचे प्रश्न त्या लिपीच्या जाणकारांनी वेळेत मांडणे आवश्यक आहे. भाषाविषयाचे व संगणकशास्त्राचे अध्यापक यांनी एकत्रितपणे एखाद्या मसुद्याचे वाचन करून लेखी अभिप्राय पाठविणे, ही त्याची सुलभ सुरुवात होऊ शकते. त्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.